बबन गुरव भांडत नाही

“शालन, बबन गुरव आज भांडला नाही.”

हे पडवीत खुर्चीवर बसले होते. बशीतला चहा तसाच होता. मी खाली सतरंजीवर मेथी निवडत होते.

“नाही भांडला तर नाही. सकाळी उठून कुणी भांडलं नाही की तुमचं पोट दुखतं का?”

बोलून गेले आणि जीभ चावली. पोटाचं नाव काढायचं नाही असं मी ठरवलं होतं. यांचं तिकडे लक्ष नव्हतं.

“रिकामी परडी घेऊन आला. कुंपणापाशी थांबला. जास्वंदीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, ‘राम राम कंट्रोलर, बरं हाय न्हवं?’ एक फूल तोडलं नाही.”

“सुधारला असेल.”

“बबन?” हे चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिले. “गावात काहीतरी घडलंय, शालन.”

मी मेथीत डोकं घातलं.

उंबरघर म्हणजे घाटाच्या तोंडाशी बसलेलं लहानसं गाव. एक एसटी स्टँड, एक देऊळ, एक औषधाचं दुकान, एक वाचनालय. हे त्या स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. मुदतीआधीच निवृत्त झाले तरी गावानं त्यांना कंट्रोलरच ठेवलं. बबन देवळाचा गुरव. आमच्या कुंपणावरची जास्वंद तो रोज न विचारता तोडायचा. “देवाला चालतं,” असं तो म्हणायचा. “देवाला चालतं, मला चालत नाही,” असं हे म्हणायचे. तिथून पुढे दोघे एकमेकांचे आजे-पणजे बाहेर काढायचे. मी लग्न होऊन आले तेव्हापासून रोज हे भांडण ऐकत होते. ते सुरू झालं की मी भाताला आधण ठेवायची, इतकं ते वेळेवर होतं.

निवृत्तीनंतर यांनी वाचनालय हातात घेतलं, बिनपगारी. त्याचं खरं कारण म्हणजे तिथली रहस्यकथांची कपाटं. आणि रहस्यकथाही एकाच जातीच्या. शहरातले गुंड, पिस्तुलं, मोटारींचे पाठलाग यांना नकोत. गाव लहान पाहिजे. एक देऊळ नाहीतर चर्च, एक टपाल कचेरी, एक चहाचं दुकान पाहिजे. सगळे सगळ्यांना ओळखणारे पाहिजेत. आणि अशा गावात एक दिवस सरपंचाच्या विहिरीत प्रेत सापडलं पाहिजे. मग गावातलीच एखादी निवृत्त शिक्षिका किंवा नर्स, जिला कुणी खिजगणतीत धरत नाही, ती चौकशी करत हिंडते.

मला आधी हसू यायचं. खून झालाय आणि माणसं लोणच्याच्या मसाल्याबद्दल बोलतायत! पण हे दुपारी मोठ्यानं वाचायचे, मी तांदूळ निवडता निवडता ऐकायची, आणि कधी चटक लागली ते कळलं नाही. त्या पुस्तकांत कुणी मेलं तरी जीव घाबरा होत नाही. रक्त फारसं दिसत नाही. शेवटी गुन्हेगार सापडतो आणि गाव पुन्हा चहा प्यायला लागतं. इतकं नीट लावलेलं जग मला दुसरीकडे कुठे भेटलं नाही.

शेवटच्या प्रकरणाआधी हे पुस्तक मिटायचे. “हं, सांग. कोण?”

जो माणूस सगळ्यात खडूस, त्याचं नाव मी घ्यायची आणि दर वेळी चुकायची.

“तू पोलिसात असतीस तर निम्मं गाव आत असतं,” असं म्हणून हे स्वतःचं नाव सांगायचे. ते बरोबर निघायचं. कसं, असं एकदा विचारलं तर म्हणाले, “गुन्हेगार शोधायचाच नसतो. कोण नेहमीसारखं वागत नाही तेवढं बघायचं.” आणि मग शेवटचं प्रकरण. त्यात ती शिक्षिका सगळ्या गावाला एका खोलीत बसवते आणि एकेकाचं काय चुकलं ते सांगते. ते वाचताना यांचा आवाज गाडी सुटायची घोषणा केल्यासारखा खणखणीत व्हायचा.

अशा माणसापासून मी गोष्ट लपवायला निघाले होते.

पुण्यातल्या डॉक्टरांनी यांच्या तपासण्या झाल्यावर मला आणि आमच्या मुलाला, सुहासला, बाजूला घेतलं. पोटात गाठ होती आणि ती पसरली होती. शस्त्रक्रियेचा उपयोग नव्हता. काही महिने, असं ते म्हणाले. तेवढ्यात मी सुहासचा हात धरला आणि म्हटलं, “यांना सांगायचं नाही. अल्सर आहे म्हणायचं.”

त्याला कारण होतं. यांचे थोरले भाऊ, अण्णा. त्यांना असंच दुखणं झालं आणि डॉक्टरांनी सरळ तोंडावर सांगितलं. अण्णा घरी आले, भिंतीकडे तोंड करून निजले आणि उठलेच नाहीत. डॉक्टरांनी दिलेली मुदतही त्यांनी वापरली नाही. हे स्मशानातून परत आल्यावर म्हणाले होते, “त्याला सांगायला नको होतं.” ते वाक्य मी गाठीला बांधून ठेवलं होतं. मला यांचे उरलेले दिवस पाहिजे होते, आणि ते भिंतीकडे तोंड केलेले नको होते. दुसरं काही मागणं नव्हतं माझं.

पण पुण्याहून आणलेल्या गोळ्या संपल्या. औषधाच्या दुकानातल्या ललितला गोळ्यांचं नाव सांगावं लागलं. नाव ऐकताच कसलं दुखणं आहे ते त्याला कळलं. दुपार व्हायच्या आत गावाला कळलं होतं. मग मीच चप्पल घातली आणि दारोदार गेले. भाजी आणायला म्हणून निघायची आणि पिशवी रिकामी घेऊन यायची. प्रत्येकाला हात जोडून सांगितलं, “यांना कळता कामा नये. काही करू नका, फक्त नेहमीसारखं वागा.”

गावानं शब्द पाळला. ज्या उंबरघरात सून माहेरी गेली तरी तीन घरं चर्चा चालते, तिथे कुणाच्या तोंडून अक्षर निघालं नाही. पण नेहमीसारखं वागणं कुणाला जमेना. सगळे चांगले वागायला लागले.

विमलताई देशमाने वाचनालयातली पुस्तकं नेऊन परत न करण्याबद्दल प्रसिद्ध होत्या. त्यांनी एक दिवस पोतंभर पुस्तकं आणून दिली, सगळ्यांना नवी कव्हरं घालून. घाटातून येणारी एसटी स्टँडच्या अलीकडे आमच्या दारापुढे थांबायला लागली. ड्रायव्हर उतरून विचारायचा, “साहेब, कुठं जायचंय का?” ललित दुकान सोडून गोळ्या घरी आणून द्यायचा आणि जाताना यांच्या पाया पडायचा. ललित, जो सुटे नाहीत म्हणून लोकांच्या हातात खोकल्याच्या गोळ्या टेकवायचा!

आणि सदा गुरुजी. दर शनिवारी वाचनालयात बिनपैशांची रमी चालायची आणि गुरुजी हमखास लबाडी करायचे. त्या शनिवारी हे घरी आले आणि चप्पल काढता काढता म्हणाले, “आज मी तीनदा जिंकलो.”

“वा! मग?”

“गुरुजींच्या हातात जोकर होता. मला दिसत होता. त्यांनी तो मांडीखाली सरकवला.” हे खुर्चीत बसले. बसताना हल्ली दोन्ही हात टेकवावे लागायचे. “हरण्यासाठी लबाडी करणारा माणूस मी जन्मात पाहिला नव्हता.”

“तुमचं आपलं काहीतरीच. गुरुजींना दिसत नसेल. मोतीबिंदू आहे त्यांना.”

“मोतीबिंदूला जोकर बरोबर दिसतो,” हे म्हणाले आणि गप्प बसले. त्या गप्प बसण्याची मला भीती वाटायची. पुस्तक मिटून विचार करायचे तेव्हा ते असेच बसायचे.

दुसऱ्या दिवशी मी देवळात गेले. बबन गाभारा धूत होता. मला बघून ओले हात धोतराला पुसत बाहेर आला.

“बबनभावजी, तुम्ही भांडायचं का सोडलंत?”

“आता वं वहिनी…”

“आता बिता काही नाही. मी काय सांगितलं होतं? नेहमीसारखं वागा. तुम्ही फुलं तोडत नाही, हे दिवसभर तोच विचार करत बसतात. तुम्ही सगळे मिळून त्यांना सांगितल्यासारखंच करताय. अरे, भांडा की माणसासारखं!”

“कसं भांडू?” बबननं खांबाला पाठ टेकली. “त्यो मानूस कसा झालाय बघा की. सदरा नुसता खुंटीला टांगल्यावानी दिसतुया. म्या त्येला शिव्या देऊ? तोंड उघडलं की रडूच येतंया, वहिनी.”

“मला येत नाही का? मी रोज हसते. भाकरी थापताना हसते. तुम्हाला सकाळचं थोडा वेळ भांडायला काय होतं?”

तो खांबापासून सरळ झाला. मग म्हणाला, “येतो उद्या.”

आणि आला. परडी घेऊन तावातावानं कुंपणापाशी आला आणि फुलं तोडायला लागला. हे खुर्चीत होते. मी आतल्या दारामागे.

“तोडतुया! तोडनार! देवाला चालतं!” बबन ओरडला. यांनी अजून तोंडही उघडलं नव्हतं.

“बरं,” हे म्हणाले.

“बरं काय? तुमच्या बापाचं हाय का झाड? तुमचा आजा… तुमचा आजा…” पुढे त्याला काही सुचेना. आवाज चिरकला. परडीतली अर्धी फुलं खाली पडली होती. “लई माजलाय तुमी कंट्रोलर,” असं तो कसंबसं म्हणाला आणि पाठ फिरवून जवळजवळ पळतच गेला.

हे बराच वेळ खाली पडलेल्या फुलांकडे बघत होते. मी चहा घेऊन बाहेर आले.

“झालं का समाधान? भांडला ना तुमचा बबन?”

“भांडला,” हे म्हणाले. “फार वाईट भांडला.”

त्या संध्याकाळी हे फिरून येतो म्हणून गेले. डॉक्टरांनी थोडं चालायला सांगितलं होतंच. परत आले ते थकून, पण चेहरा शांत होता. जेवताना म्हणाले, “या रविवारी संध्याकाळी सगळ्यांना वाचनालयात बोलावतोय.”

“कशाला?”

“शेवटचं प्रकरण,” हे म्हणाले आणि भातावर ताक वाढून घेतलं.

माझ्या हातातला डाव गळून पडला. यांनी तो उचलून दिला.

पुढचे दोन दिवस हे घरोघर जाऊन आमंत्रणं देत होते. काठी घेऊन एकेका दारात जायचे, आत बसायचे, चहा घ्यायचे. मी म्हटलं, निरोप धाडा, नाहीतर मी सांगते. तर म्हणाले, “माझं प्रकरण आहे, मीच बोलावतो.” मी सुहासला फोन लावला. स्टँडवरच्या फोनवरून, म्हणजे यांना ऐकू जायला नको.

“आई, त्यांना कळलं असेल तर कळू दे ना. एकदाचं होऊन जाऊ दे.”

“तुझे अण्णाकाका विसरलास का?”

मी फोन ठेवला आणि तिथल्या बाकावर बसून राहिले. भर बाजारात रडता येत नाही म्हणून रडले नाही.

रविवारी वाचनालय भरलं होतं. गुरुजी पुढच्या बाकावर, विमलताई पदर घट्ट आवळून, ललित दाराशी उभा, बबन खाली कोपऱ्यात. मी आत गेले तसे सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला वाटलं, आता काय करायचं ते मलाच विचारतायत. मी मान हलवली. मला तरी काय माहीत होतं!

हे टेबलामागे खुर्चीवर बसले. इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता. बोलायला लागले आणि आवाज तोच निघाला, गाडी सुटायच्या घोषणेचा.

“मंडळी, गेले काही दिवस या गावात गुन्हा चाललाय. विमलताई, तुम्ही पुस्तकं परत केलीत. सगळी. कव्हरं घालून. माझ्या हयातीत असं झालं नव्हतं.”

विमलताईंनी डोळे मिटले.

“ललित, तू पाया पडतोस. तुझ्या बापाच्या पाया पडताना तुला कुणी बघितलेलं नाही. एसटी माझ्या दारात थांबते. मी कंट्रोलर असताना ती फलाटावरसुद्धा वेळेवर थांबत नव्हती. गुरुजी, तुमचा जोकर मांडीखाली होता.”

“होता,” गुरुजी पुटपुटले.

“आणि बबन. बबन फुलं तोडत नाही, आणि तोडली तर रडत तोडतो. एवढी माणसं एकाच वेळी चांगली वागायला लागली, तर त्याला कारण एकच असतं. सगळ्यांनी मिळून माझ्यापासून काहीतरी लपवलंय.”

मी भिंतीशी उभी होते. पुढे होऊन मध्ये पडावं, चक्कर आल्याचं सोंग करावं, काहीही करून हे थांबवावं असं मनात आलं. आणि हे माझ्याकडेच बघत होते.

“काय लपवलंय ते मी ओळखलंय,” हे म्हणाले. “तुम्ही माझी साठी करताय. चोरून.”

मग कोपऱ्यातून बबन एकदम म्हणाला, “पकडलंत की वं कंट्रोलर!” आणि गुरुजी हसायला लागले. मग सगळेच हसले. ललित तर हसता हसता बाहेर निघून गेला. विमलताई पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, “तुमच्यापासून काही लपवायची सोय नाही बाई.”

मी मटकन बाकावर बसले. इतका आनंद मला सुहास झाला तेव्हाही झाला नव्हता. यांचा अंदाज चुकला होता! पहिल्यांदा! देवा, तुझे उपकार, असं मी मनात किती वेळा म्हटलं असेन.

“पण तुमची एक चूक झाली,” हे म्हणाले. “माझ्या साठीला अजून दीड वर्ष आहे.”

विमलताईंनी पदर पुन्हा आवळून घेतला.

“असू दे. ठरवलंच आहे तर करून टाका. लवकर करा मात्र. सुहासला पुढे रजा मिळायची नाही.”

आठवड्याच्या आत साठी झाली. भटजींनी जन्मसाल विचारलं नाही. घराघरातून दिवे आले, मातीचे, पितळेचे, कणकेचे. साठ दिव्यांचं ताट इतकं जड झालं की मला एकटीला उचलेना. विमलताईंनी दुसरी बाजू धरली. सुहास यांच्या खुर्चीमागे उभा होता. मी ओवाळायला लागले. दिव्यांच्या उजेडात यांच्या गालांची हाडं दिसत होती, आणि तरीही मी खरोखर खुशीत होते. यांना काही माहीत नाही, हे नव्या धोतरात नवऱ्या मुलासारखे बसलेत, यातच मला सगळं मिळालं होतं.

“सावकाश,” हे म्हणाले. “घाई नाही.”

ओवाळून झाल्यावर म्हणाले, “झालो बाई साठ वर्षांचा.” बायकांमध्ये कुणीतरी हुंदका दिला. मी तिच्याकडे रागानं बघितलं.

त्यानंतरचे दिवस चांगले गेले, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगायची. हे भिंतीकडे तोंड करून निजले नाहीत. चालता येत होतं तोवर रोज संध्याकाळी फिरून यायचे. मग अंथरूण धरलं तेव्हा दुपारी मी वाचायची आणि हे ऐकायचे. अल्सर बरा झाला की सुहासकडे चार दिवस राहू, त्याच्या गॅलरीत कुंड्या लावू, असं बोलायचे. मी कुठली झाडं लावायची ते सांगायची. एकदा दुखणं फार झालं तेव्हा माझ्या हातावर हात ठेवून म्हणाले, “तू दमलीस.” मी म्हटलं, “छे, मला काय झालंय?” आणि हसले. हेही हसले. मग एका सकाळी मी तोंड पुसायला कोमट पाणी घेऊन गेले तर हे गेले होते.

मी रडले. पण मनात कुठेतरी एक समाधान होतं. मी जिंकले होते. यांना शेवटपर्यंत कळू दिलं नाही.

तेरावं झाल्यावर काही दिवसांनी बबन आला. पडवीच्या पायरीवर बसला. मी पाणी दिलं. ते त्यानं तसंच हातात धरलं.

“वहिनी, येक सांगायचं ऱ्हायलंया. सांगू का नको, लई इचार केला. पन त्येंनी घातलेली शपथ त्येंच्या जित्तेपनीची हुती.”

“कसली शपथ?”

“म्या भांडायला आलतो बघा, तुमी सांगितलं म्हनून. त्याच दिशी सांजच्याला कंट्रोलर देवळात आले. पायरीवर माझ्या शेजारी बसले. म्हनाले, ‘बबन, तुला भांडायला शालननं धाडलं न्हवं?’ म्या काय बोलनार? तर म्हनाले, ‘शालन तुझ्या दारात हात जोडायला आली म्हंजे दुखनं अल्सरचं न्हाई.’”

मी उभी होते ती खाली बसले.

“मग दोन दिस घरोघर फिरले. समद्यास्नी येकच सांगितलं. ‘मला कळलंय ह्ये तिला कळू देऊ नगा. तिला वाटतंय, मला कळलं तर मी अन्नासारखा करीन. त्या भ्यानं ती मरंल. रविवारी मी काय बोलंन त्येला हो म्हना.’”

“म्हणजे वाचनालयात…”

“समद्यास्नी ठावं हुतं, वहिनी. येका तुमास्नी सोडून.”

म्हणून सगळे माझ्याकडे बघत होते. म्हणून बबननं इतक्या चटकन ‘पकडलंत’ म्हटलं होतं. म्हणून भटजींनी साल विचारलं नाही. आयुष्यभर गाड्यांच्या वेळा सांभाळणाऱ्या माणसाची साठी दीड वर्ष आधी झाली, आणि मला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. मला ते खरं व्हायला पाहिजे होतं, बाकी काही नाही. सगळं गाव सोंग करत होतं आणि ते बघायला मी एकटी बसले होते. साठ दिवे ओवाळताना खुशीत होते.

मला यांचा राग आला. गेलेल्या माणसाचा इतका राग येतो हे मला माहीत नव्हतं.

“आणि एवढं सगळं माहीत असून माझ्यापुढे कुंड्या लावायच्या गप्पा मारत बसले? एक दिवस तरी म्हणायचं होतं मला. एक दिवस! आम्ही दोघं गळ्यात गळा घालून रडलो असतो. दगडाचा होता का हा माणूस? एक थेंब काढला नाही डोळ्यांतून.”

बबननं तांब्या दुसऱ्या हातात घेतला.

“दगडाचे न्हवते, वहिनी,” तो म्हणाला. “रडले की.”

“कुठे?”

“माझ्यापाशी. देवळात. रोज सांजचं फिराया म्हनून येत हुते न्हवं, चालता येत हुतं तवर.”

माझा संसार त्या माणसाबरोबर झाला. त्यांचे सदरे मी धुतले, पथ्याचं मी शिजवलं, रात्री कूस बदलायला मी हात लावला. आणि रडायला हे बबन गुरवाकडे गेले होते. ज्याच्याशी जन्मभर भांडले त्याच्याकडे. माझं होतं ते रडणं, आणि ते मला कधी दिसलंच नाही. मला बबनचा हेवा वाटला. तो वाटताना लाजही वाटली नाही.

“येतो वहिनी,” म्हणत तो उठला. “चुकलं आसंल तर…”

“बसा,” मी म्हटलं. “वर या. इथे चटईवर बसा.”

तो वर येऊन बसला.

“कसे रडले ते सांगा.”

“आवं वहिनी, काय सांगू त्यात…”

“सगळं सांगा. मी बघितलेलं नाही.”

त्यानं पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

“पयल्यांदा चष्मा काढायचे,” तो म्हणाला. “खिशात ठिवायचे. मग तुमचं नाव घ्यायचे.”

“पुढे?” मी म्हटलं.

तो सांगत गेला. मध्ये मध्ये थांबत होता, आणि थांबला की मी पुन्हा ‘पुढे?’ म्हणत होते.